बेअरिंगला बँड

बेअरिंग शाफ्टवरून सुटलं आणि बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली.

खरं म्हणजे त्यांनी अजून वाजवायचं नव्हतं. ठरलं होतं असं, की जुनं बेअरिंग निघताना सगळ्यांनी शांत राहायचं आणि नवं बसलं की मग बँड. पण घट्ट बसलेलं बेअरिंग पुलरनं ओढत आणलं की सुटताना टणकन आवाज करतं, आणि बँडच्या मास्तरांना ती आपल्यासाठीच खूण वाटली. क्लॅरनेट, दोन कर्णे आणि ढोल सगळे एकदम लागले. वर पत्र्याचं छप्पर. मी गुडघ्यावर बसलेलो, हातात ते काळं पडलेलं बेअरिंग आणि कानात वरातीचं गाणं.

"अहो, थांबवा त्यांना," मगदूम मॅडम म्हणाल्या. कुणी थांबेना. शेवटी शंभूअण्णांनी एक बोट वर केलं आणि बँड बंद झाला. तांबोळमध्ये अण्णांच्या बोटाला तेवढी किंमत होती.

शंभूअण्णा खराडे म्हणजे आमचे नगराध्यक्ष. मगदूम मॅडम पाणीपुरवठ्याच्या नव्या इंजिनिअर, नुकत्याच बदलून आलेल्या. आणि मी ईश्वरा कुंभार, नगरपालिकेचा पंप मिस्त्री. नदीवरच्या ह्या पंपानं पाणी उचललं तर गावाला पाणी, नाहीतर नुसते नळ. त्या वर्षात पंपाचं मोटारीकडचं बेअरिंग तिसऱ्यांदा गेलं होतं. आधी घरघर, मग किरकिर, मग हात लावला तर चटका, आणि एक दिवस पंपच बंद. ह्याच पंपाचं बेअरिंग पूर्वी पाच-पाच वर्षं चालायचं. त्यामुळे गावानं सरळ हिशेब मांडला होता: पंप तोच, बेअरिंग त्याच कंपनीचं, तर मग बिघडला असणार तो मिस्त्री.

दुसरा कुणी अध्यक्ष असता तर त्यानं गुपचूप बेअरिंग बदलून घेतलं असतं. अण्णांचं तसं नव्हतं. अडचण आली की ते तिचा समारंभ करत. खड्डा पडला की तो बुजवण्याचा समारंभ. कुत्री पकडायची गाडी आली तेव्हा तिलाही रिबीन बांधली होती, आणि पहिलं कुत्रं अण्णांच्या शुभहस्ते पकडायचं ठरलं होतं. ते कुत्र्यानं मान्य केलं नाही, आणि अण्णांनी पुढं बरेच दिवस धोतराऐवजी पायजमा वापरला. आता निवडणूक तोंडावर आली होती. गाव आठवडाभर टँकरवर होतं आणि रोज सकाळी टँकरपाशी बायका अण्णांचा जो उद्धार करत, तो अण्णांच्या घरापर्यंत ऐकू जात होता. म्हणून हा जाहीर बेअरिंग बदल समारंभ.

पंपघराची पुढची दोन्ही दारं काढून तिथं मांडव घातला होता. मांडवात खुर्च्या, भजीची कढई, माईक. बायकांनी रिकाम्या घागरी घेऊन यायचं आणि भरून न्यायच्या, त्याचा फोटो पेपरात द्यायचा, अशी योजना होती. त्या घागरींच्या रांगेत माझी बायको शालनही बसली होती. तिनं मला सकाळीच विचारलं होतं, "अवं, खरंच काढून टाकतील का तुम्हास्नी?" मी तिला हसून उडवून लावलं होतं.

पण अण्णांनी समारंभाच्या सुरुवातीलाच माईकवर जाहीर केलं. माईकसमोर अण्णा पुस्तकातली भाषा बोलत.

"बंधूंनो आणि भगिनींनो, तांबोळच्या जनतेला तहानलेलं ठेवणारा कोण आहे, ते आज जनतेसमोरच उघड होईल. ज्या हातानं ह्या पंपाचं वाटोळं केलं, तो हात उद्यापासून ह्या पंपघरात दिसणार नाही. हा शंभूअण्णाचा शब्द आहे."

टाळ्या पडल्या. आणि टाळ्या वाजवणारा प्रत्येक जण माझ्या हाताकडं बघत होता. मला त्या वेळी वाटलं, हात कुठं तरी ठेवून यावेत. नोकरी गेली असती तर पोट कसंही भरलं असतं. पण सगळ्या गावासमोर 'ह्याला बेअरिंग बसवता येत नाही' असं ठरून घरी जायचं, हे मला सोसणारं नव्हतं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चाकावर मडकी घडली. लोखंडाला हात घालणारा मी पहिला. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, 'मातीनं कधी बेइमानी केली नव्हती बाबा, तू लोखंडाच्या नादाला लागलास.'

तर मी जुनं बेअरिंग रॉकेलच्या घमेल्यात बुडवलं, ब्रशनं घासून ग्रीस काढलं आणि मॅडमच्या हातात दिलं. देताना बोललोच. "मॅडम, माल डुप्लिकेट हाय. पहिल्यापासून सांगतोय मी. स्टोअरवाल्याला विचारा."

गेले सहा महिने मी भेटेल त्याला हेच सांगत होतो, आणि सांगून सांगून माझाही त्यावर विश्वास बसला होता.

मॅडमनी बेअरिंग उजेडात धरलं. बाहेरचं कडं फिरवलं, आतल्या गोळ्यांची खडखड ऐकली. मग माझ्याकडून छिन्नी-हातोडा मागून घेऊन कपड्यात गुंडाळलेलं बेअरिंग स्वतः फोडलं. खुर्च्यांमधून कुणीतरी हळहळलं, जणू अण्णांचंच काही फुटलं. फुटलेलं कडं मॅडमनी माझ्यासमोर धरलं.

"मिस्त्री, गोळ्या फिरून आतून ही वाट पडलीय ना, ती बघा. सरळ आहे का?"

मी बघितलं. कड्याच्या आतून गोळ्यांची एक चकचकीत वाट पडते. ती मधोमध, सरळ असायला हवी. ही एका बाजूला वर चढलेली आणि समोरच्या बाजूला खाली उतरलेली. डुप्लिकेट मालाची वाट अशी पडत नाही. शाफ्ट तिरका फिरत असला तरच ती अशी पडते.

"शाफ्ट वाकडा चालतोय," मॅडम म्हणाल्या.

"न्हाय मॅडम. मोटार आन् पंप एका रेषेत म्या लावलाय. दर खेपेला लावतो. पट्टी धरून दाखवू?"

मी पट्टी धरून दाखवली. मोटार आणि पंप जोडणाऱ्या दोन्ही कपलिंगमध्ये केसाइतकाही फरक नव्हता. मॅडमनीही बघितलं. उभा असताना पंप सरळ आणि चालताना वाकडा, हे दारू प्यायलेल्या माणसासारखं झालं.

"अण्णा, मला थोडा वेळ द्या," मॅडम म्हणाल्या. "कारण सापडल्याशिवाय नवं बेअरिंग घालण्यात अर्थ नाही. तेही जाईल."

अण्णा माईकपासून लांब होते, म्हणून आपल्या भाषेत बोलले. "मॅडम, बारा वाजायच्या आत मुहूर्त हाय. कारण काय, दुपारच्यालाबी सापडंल."

नवं बेअरिंग आणलं. तबकात ठेवून, वर लाल कापड झाकून, चक्क नवरीसारखं. अण्णांनी कापड काढलं, वरचा तेलकट कागद सोडायला घेतला आणि कुंकवात बोट बुडवलं. मी मध्ये हात घातला.

"अण्णा, ह्याला कुंकू नगं. कुंकवाचा एक कण आत गेला तर आत जाऊन दगड हुतोय."

"अरं, मग पूजा कशाची करायची? नारळ कुणाला दाखवायचा?"

"खोक्याची करा. खोक्यावर नाव हाय की कंपनीचं."

अण्णांनी विचार केला आणि पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्याला कुंकू लागलं, अक्षता पडल्या, हार घातला गेला. फोटोही निघाला. पुढं पेपरात आला त्यात अण्णा, मॅडम आणि खोकं असे तिघं आहेत.

आता बेअरिंग तापवायचं. थंड बेअरिंग हातोडीनं ठोकून बसवलं तर ते बसतानाच जायबंदी होतं. ते स्वच्छ तेलात तापवायचं, म्हणजे जरा फुगतं, शाफ्टवर अलगद सरकतं आणि गार होताना शाफ्टला आपोआप घट्ट धरतं. त्यासाठी माझा एक स्टोव्ह होता. तो भजीवाल्यानं सकाळीच उचलून नेला होता. मागायला गेलो तर म्हणाला, "घाणा उतरू दे." नगरपालिकेच्या पंपाचं बेअरिंग कांदाभजीच्या मागं रांगेत उभं राहिलं. शेवटी माझ्या तेलाचा डबा स्टोव्हवर चढला, मी तारेनं बेअरिंग आत सोडलं, आणि पहिल्या रांगेतून प्रश्न आला, "मिस्त्री, ह्याला पीठ लावायचं न्हाय का?" सगळा मांडव हसला. मीही हसलो असतो, पण माझं लक्ष डब्यातल्या तेलावर होतं.

तेल हवं तेवढं तापलं. कातडी हातमोजे घालून बेअरिंग उचललं, शाफ्टवर धरलं आणि एका दमात आत सारलं. शाफ्टच्या खांद्याला, म्हणजे आतल्या पायरीला, टेकलं. दोन्ही हातांनी दाबून तसंच धरून राहिलो. ते थंड होऊन शाफ्टला धरेपर्यंत हात सोडायचा नसतो. त्या वेळात मी देवाचं नाव घेतलं नाही. मी मनात म्हणत होतो, ह्या वेळेला तरी टिक रे बाबा.

बेअरिंगनं शाफ्ट धरला. बँड वाजला, आता बरोबर वेळेवर. ग्रीस भरलं, झाकण लावलं, कपलिंग जोडलं. आणि मग नारळाची वेळ आली.

ह्या नारळाचं जरा सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी अण्णांनी पंपघराचा जीर्णोद्धार केला होता. जीर्णोद्धार म्हणजे भिंतींना चुना. पण त्याची संगमरवरी कोनशिला बसवली ती दारामागच्या भिंतीत नव्हे, तर पंपाच्या बैठकीच्या कोपऱ्याला लागूनच, सिमेंटचा छोटा ओटा बांधून त्यावर तिरकी. फोटो काढला की पंप आणि नाव दोन्ही एकत्र यावं, हा अण्णांचा विचार. ते काम चाललं तेव्हा आम्हाला दोन दिवस पंपघराबाहेर ठेवलं होतं. उद्घाटनाला पंपाच्या लोखंडी बैठकीवर एक नारळ ठेवला होता. पंप सुरू झाला आणि नारळ थरथरत, वळत, आपण होऊन कोनशिलेकडं गेला आणि अण्णांच्या नावाला टेकून थांबला. सगळं गाव चकित झालं. तेव्हापासून प्रत्येक सणाला बैठकीवर नारळ ठेवायचा आणि तो अण्णांच्या नावाकडं जाताना बघायचं, हा रिवाजच पडला. काही बायका लांबूनच हात जोडत. दहावीच्या परीक्षेआधी पोरं पाया पडून जात. विरोधी पक्षानं एकदा लिंबू ठेवून बघितलं, तेही अण्णांकडंच गेलं.

अण्णांनी माईक कोनशिलेजवळ आणून ठेवला, बटण दाबलं. पंप फिरला. नवं बेअरिंग इतकं गोड चालत होतं की मला क्षणभर बरं वाटलं. नारळ थरथरला, डावीकडं वळला, आणि हळूहळू निघाला. 'शंभूअण्णा खराडे यांच्या शुभहस्ते' ह्या अक्षरांना टेकून थांबला. टाळ्यांचा कडकडाट.

मगदूम मॅडम टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या नारळाकडं बघत होत्या. मग खाली बसल्या आणि बैठकीच्या त्या कोपऱ्यावर तळहात ठेवला. लगेच मला जवळ बोलावून माझाही हात तिथं ठेवला. लोखंड माझ्या हाताखाली उचलत होतं आणि आपटत होतं. बाकीचे तीन कोपरे पायाला घट्ट आवळलेले. हा एकटा नाचत होता.

"इथला पायाचा बोल्ट कुठाय, मिस्त्री?"

"आत असंल की. ओट्याखाली," मी म्हणालो. दीड वर्ष मी तेच धरून चाललो होतो. कोनशिलेला पाना लावायची कुणाची छाती होती?

"आत असता तर हे हललं असतं का?"

उत्तर आलं ते माझ्या मागून. बापू गवंडी भजीची पुडी घेऊन कोनशिलेपाशी उभा होता. ओटा त्यानंच बांधलेला. आपल्या कामाची चौकशी चाललीय म्हटल्यावर तो कौतुकानं पुढं आला.

"बोल्ट न्हाय तिथं. कापला त्यो म्या. मधी येत हुता. दगड बसवला की बोल्टाचं टोक बरोबर अण्णांच्या आडनावातनं वर यायचं. खराडेमधल्या रा-ला भोक पडाय लागलं. म्या इच्यारलं, अण्णा, दगुड जरा पलीकडं घेऊ? अण्णा म्हणलं, दगुड हितंच, बोल्ट काप."

माईक चालू होता. हे सगळं मांडवात, मांडवाबाहेर, आणि भोंग्याचा आवाज जिथवर जात होता तिथवर, नदीच्या पलीकडच्या मळ्यातसुद्धा ऐकू गेलं.

मी पंप बंद केला. भज्यांचं तेल तडतडताना ऐकू येत होतं. वडिलांचं एक बोलणं मला तेव्हा आठवलं. मडकं वाकडं आलं तर मातीला शिव्या देऊ नये, चाक कशावर उभं आहे ते बघावं. मी इतके दिवस मातीला शिव्या देत बसलो होतो, आणि गाव मला.

आणि मग घागरींच्या रांगेतून शालन उठली. चार माणसांत तोंड न उघडणारी बाई. पदर खोचून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "अण्णा, मग हात कुणाचा ठरला?"

मला अभिमानही वाटला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम.

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. घागरींकडं बघितलं. रिकाम्या घागरींच्या मागं किती मतं बसली आहेत ते मोजत असावेत. उगीच ते इतकी वर्षं निवडून येत नव्हते. त्यांनी माईक हातात घेतला तेव्हा त्यांचा गळा दाटून आला होता, आणि तो खरोखर दाटला होता की दाटवला होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

"बंधूंनो आणि भगिनींनो. ह्या शंभूअण्णाला नावाची हाव नाही. जनतेच्या पाण्याआड माझं नाव येत असेल, तर ते नाव मी माझ्याच हातानं फोडीन. ईश्वरा, हातोडा आण."

मी हातोडा दिला. अण्णांनी तो उचलला, फोटोवाल्याची तयारी होईपर्यंत वरच धरून ठेवला, आणि मग आपल्या नावावर घातला. पहिल्या घावाला फक्त 'शुभ' उडालं. बाकी दगड मीच फोडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या माणसानं गावाचं पाणी तोडलं त्याच्या त्यागानं गाव गहिवरलं होतं. बँडही वाजला, कुणी न सांगता.

त्या दिवशी घागरी रिकाम्याच परत गेल्या. ओटा खणला, पायाला भोक पाडलं, नवा बोल्ट बसवून सिमेंट ओतलं, ते वाळेपर्यंत थांबलो. कोपरा आवळला, पुन्हा रेष जुळवली. मग मांडव नसताना, फक्त मॅडम आणि मी, पंप सुरू केला. मॅडमनी कोपऱ्यातला तोच नारळ उचलून बैठकीवर ठेवला. आम्ही दोघं बघत राहिलो. नारळ जागचा हलला नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मॅडम नळ बघायच्या निमित्तानं बाहेर गेल्या.

ते बेअरिंग सहा वर्षं चाललं. माझा हात पंपाला लागत राहिला, त्याबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही. चांगलंही बोललं नाही. अण्णा त्या निवडणुकीत पूर्वी कधी आले नव्हते एवढ्या मतांनी निवडून आले. नारळ हलायचा बंद झाल्याचं मात्र काही लोकांना वाईट वाटलं. मॅडमनी गावातलं एक दैवत घालवलं, असं ते म्हणायचे. पुढं मॅडमची बदली झाली.

आणि निवडून आल्यावर पहिल्याच महिन्यात अण्णांनी चौकात नवी कोनशिला उभारली. पहिलीच्या चौपट मोठी. तिच्यावर लिहिलंय, 'लोकांच्या पाण्यासाठी स्वतःच्या नावाची कोनशिला स्वहस्ते फोडणारे शंभूअण्णा खराडे यांच्या त्यागाची स्मृती.' ओटा बापू गवंड्यानंच बांधला. बांधताना मी तिथून जात होतो, थांबून बघितलं, आणि त्याला सांगितलंही, "बापू, जरा बाजूला घे." तो म्हणाला, "अण्णांनी जागा दाखवलीया." मी पुढं गेलो.

निवृत्त होऊन मला आता बरीच वर्षं झाली. अण्णा थकलेत, त्यांचा मुलगा नगराध्यक्ष आहे. गेल्या उन्हाळ्यात नगरपालिकेची माणसं माझ्या घरी आली. चौकात मोठी पाइपलाइन फुटलेली, पाणी गुडघाभर, गावाचं पाणी बंद करायचं तर मेन वॉल्व्ह सापडत नाही.

"काका, तुमच्या काळातला वॉल्व्ह हाय. कुठं असंल काय आठवतंय का?"

मी काठी घेतली आणि त्यांच्याबरोबर चौकात गेलो. कोनशिलेसमोर उभा राहिलो, ओट्यावर काठी टेकवली.

त्यांनी ओट्याकडं बघितलं, मग वरची अक्षरं वाचली, मग एकमेकांकडं बघितलं.

"आता ओ, काका? सुरुवात कुठनं करायची?"

"आधी बँडवाल्यास्नी बोलवा," मी म्हणालो.